कठड्यावरची गोधडी

माझ्या बायकोला डोंगरावरून आमचं घर दिसतं का ते बघायचं होतं. एवढंच. काशीला चल म्हणलं तर नको, रामेश्वरला चल म्हणलं तर नको. पण जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उगवतीला डोंगरांची जी रांग दिसते, तिच्याकडं बोट करून ती म्हणायची, इथनं ते दिसतंय तर तिथनं हे दिसणारच. मी म्हणायचो, डोंगर केवढा आणि आपलं घर केवढं. ती म्हणायची, म्हणून तर बघायचंय.

मागच्या थंडीत ती गेली. हृदयाचं दुखणं होतं. भेटायला आलेले लोक म्हणाले शांतपणे गेली. शांतपणे कसली, गेली ती गेली. मग म्हणाले, हळूहळू सवय होईल. सवय झाली की. सकाळी एकाच कपाचा चहा टाकायची सवय झाली, दाराला बाहेरून कुलूप लावायची सवय झाली. सवय झाली म्हणजे दुखायचं थांबतं असं जो सांगतो, त्याची बायको घरी जिवंत असणार, एवढं मी ओळखतो.

मी मूळचा साताऱ्याचा, माणच्या बाजूचा. शाळा सातवीत सुटली, ती मी सोडली का तिनं मला सोडलं हे आता सांगता येणार नाही. फौजेत ड्रायव्हर म्हणून लागलो. शेवटची बदली जयपूरला झाली आणि इथंच पेन्शन झाली. बाकीचे मराठी लोक पेन्शन झाली की ट्रंका बांधून गावी जातात. आम्ही गेलो नाही. गावी भावांनी आपसात वाटण्या करून घेतल्या होत्या, आणि आम्हाला मूलबाळ नाही. गावात ज्याला त्याला तेच विचारायचं असतं. इथं कुणी विचारत नव्हतं. मग इथंच दोन खोल्या बांधल्या, वर एक खोली भाड्यानं द्यायला काढली, आणि सी-स्कीम ह्या इथल्या बड्या लोकांच्या वस्तीतल्या एका साहेबाची गाडी चालवायला लागलो. साहेबाची गाडी म्हणजे आत बसल्यावर इंजिनचा आवाज येत नाही असली. पुष्कळ वर्षं चालवली. कधी मजा आली नाही.

जीप घेतली ती म्हातारपणात. फौजेनं लिलावात काढलेली, तिघाचौघांच्या हातून फिरून माझ्याकडं आलेली, वरून उघडी. बायको पहिल्या दिवशी अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, आयुष्यभर सरकारचं भंगार चालवलंत, आता स्वतःचं चालवा. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून बसली आणि मग उतरायला तयार नाही.

ती बुटकी होती. डावीकडच्या सीटवर बसली की पाय अधांतरी लोंबायचे, आणि खड्डा आला की ती सीटवरून घसरायची. म्हणून मी घरातला जेवायला बसायचा पाट खाली दोन बोल्टनं पक्का बसवला. त्यावर ती टाचा रोवून बसायची. पाटावर अजून दोन जागी रंग उडालेला आहे.

गाडी मागं घेताना ती खाली उतरायची. फौजेत ड्रायव्हरबरोबर दुसरा माणूस असतो, तो मागं उभा राहून गाडीच्या अंगावर थाप मारतो. एक थाप मारली की येऊ दे, दोन मारल्या की थांब. मी तिला एकदाच सांगितलं होतं. पुढं आमच्या गल्लीत जीप मागं घ्यायची झाली की पत्र्यावर थाप पडायची आणि बरोबर तिची "येऊ द्या, येऊ द्या" अशी हाक. थापा चोख, पण "येऊ द्या" मात्र भिंतीला टेकेपर्यंत चालू. मी थापा ऐकायचो, हाक ऐकायचो नाही. शेजारच्या भाभी आपल्या दारातून हसायच्या. भाभी इथल्याच, राजस्थानी. आमच्या हिच्याशी त्यांची भाषा हिंदीही नव्हती आणि मराठीही नव्हती, पण दोघींचं सगळं जमायचं.

तर डोंगर. आग्रा रोडनं बोगद्यातून पलीकडं निघालं की पुढं एका गावाची चराईची टेकाडं आहेत. तिथं कुणीतरी जीपगाड्या चढवायचा रस्ता काढला आहे. रस्ता म्हणजे दगडांवर पांढऱ्या चुन्यानं बाण काढलेत, एवढंच. खाली तंबू, एक तार बांधून तिच्यावरून लोकांना लोंबकळत सोडतात, एक लाकडी भिंत आहे तिला रंगीबेरंगी खुंट्या मारल्यात, पोरं दोर बांधून तिच्यावर चढतात. चार चाकांच्या फुगीर मोटारसायकली आहेत, त्या भाड्यानं घेऊन माणसं धूळ उडवत गोल गोल फिरतात. मला हे सगळं बघून हसू आलं. ज्या कामाचा मला सरकार पगार द्यायचं त्या कामाला लोक इथं स्वतःच्या खिशातले पैसे देतात. पण बायकोनं कुठूनतरी ऐकलं की तो चढ जिथं संपतो तिथनं अख्खं शहर दिसतं. मग झालं.

ती गेली त्याच्या आदली थंडी सरता सरता आम्ही गेलो. निघायच्या आधी तिनं गच्चीवर गोधडी टाकली.

ही गोधडी तिनं लग्नानंतर पहिल्या पोस्टिंगला एकटी असताना शिवलेली. मधला भाग माझ्या आईच्या लाल लुगड्याचा, किनार माझ्या जुन्या हिरव्या पँटींची. लाल असा की डोळ्यात भरावा. ती तिनं कठड्यावरून बाहेरच्या बाजूला सोडली, कठड्याच्या सळयांना सुतळीनं बांधली, आणि खाली येऊन जीपमध्ये बसली. म्हणाली, घर दिसलं नाही तरी ही दिसेल. वाटेत दोनदा म्हणाली, सुतळी सुटायची तर नाही ना. मी म्हणलं, तुझ्या गाठी सोडवायला मला पक्कड लागते, सुतळी काय सुटते.

पहिल्यांदा कोरडा ओढा लागला, वाळूचा. तो पार झाला. मग सुट्या दगडांचा चढ, दोन्हीकडं धोक म्हणतात ती इकडची झाडं, पानं झडलेली, आणि निवडुंग. मोर ओरडत होते. मग डोंगराच्या अंगाला चिकटलेली अरुंद वाट, तिच्या डाव्या बाजूला नुसतं रिकामं. बायको त्या रिकाम्याच्या बाजूला बसलेली, पण भ्यायली नाही. टाचा पाटावर रोवून, पदर खोचून, पुढं बघत बसली होती. आणि मग आली पायरी. तिथं सगळे तिला पायरीच म्हणतात. एकसंध काळा खडक, जीपच्या बंपरएवढा उंच, मधे एक खाच. खाचेत चाक बरोबर बसलं तर गाडी वर जाते.

बसत नव्हतं. चाक नुसतं फिरत होतं, रबराचा वास यायला लागला. ती न सांगता खाली उतरली आणि पुढं जाऊन खडकावर उभी राहिली, मला हातानं दाखवायला. "येऊ द्या," म्हणाली. मग हात छातीवर ठेवला आणि तिथंच खाली बसली. मला वाटलं घसरली. मी उतरून गेलो तर ओठ निळे झालेले. दम लागलाय म्हणाली, चढानं लागला असेल. पाणी प्यायली. थोड्या वेळानं रंग परत आला तेव्हा वर बघितलं. तिथनं पुढं दोन वळणं राहिली होती, वरची माणसं बोलताना ऐकू येत होती.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला."

पुढची खेप दवाखान्याची झाली. मग दुसऱ्या दवाखान्याची. दवाखान्यात पडल्या पडल्याही तिनं मला विचारलं होतं की तुम्हाला काय वाटतं, दिसत असेल का. मी म्हणलं, तू बरी हो, जाऊन बघू. तिला उत्तर नको होतं, तिला बघायचं होतं, हे मला कळत होतं.

ती गेल्यावर जीप अंगणातच उभी होती. मधूनमधून चालू करायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. डाव्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. कुणी बसायला येतच नव्हतं म्हणा.

वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहते. अमरावतीची, इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. आमची ही आजारी पडायच्या थोडी आधी आली. हिनं तिला पहिल्या दिवशी विचारलं, जेवायला काय करतेस. ती म्हणाली, काकू, मी बाहेरूनच मागवून राहिली. त्या दिवसापासून वर डबा जायला लागला. आता डबा खालून वर जात नाही, वरून खाली येतो. भाजी बेचव करते, मी तिला तसं सांगतो. ती म्हणते, काका, बाकीचे लोक निदान खोटं तरी बोलतात.

हीच मुलगी दर रविवारी जीपवाल्या पोरांबरोबर डोंगर चढायला जाते हे मला उशिरा, उन्हाळ्याच्या तोंडाला कळलं. हेल्मेट हातात घेऊन जिन्यावरून उतरत होती. मी विचारलं कुठं. तिनं सांगितलं ते हेच डोंगर, हीच पायरी. पुढच्या रविवारी तिला जिन्यात अडवलं आणि म्हणलं, मलाही यायचंय, माझी गाडी घेऊन.

तिला वाटलं म्हाताऱ्याला बाहेर काढायची ही चांगली संधी आहे. तिनं लगेच सगळ्यांना कळवून टाकलं. मला बाहेर पडायचं नव्हतं. मला बघायचं होतं आणि बायकोला सांगायचं होतं. ती नाही हे मला ठाऊक आहे. तरी सांगायचं होतं. दिसतं किंवा दिसत नाही, दोन्हीपैकी जे असेल ते. तिचं माझ्याकडं तेवढं एकच काम राहिलेलं होतं.

जायच्या सकाळी मी गोधडी काढली. ट्रंकेतून काढली तेव्हा तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. गच्चीवर नेऊन कठड्यावरून बाहेर सोडली. सुतळी सापडली नाही. शोधायला वेळ नव्हता, मुलगी खाली तिच्या स्कूटीवर बसून हॉर्न वाजवत होती. कठड्यावर विटा पडलेल्या होत्या, त्या गोधडीवर ठेवल्या. खाली रस्त्यावरून वळून बघितलं तर लाल रंग नीट दिसत होता. मुलीनं विचारलं काय वाळत घातलंत, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं मान वर करून गच्चीकडं बघून घेतलं.

डोंगराच्या पायथ्याशी पोरं जमलेली. त्यांचा एक म्होरक्या, जयपूरचाच, दाढीवाला, बोलायला मऊ. मला अंकल म्हणाला. त्यानं जीपला एक चक्कर मारली आणि म्हणाला टायरमधली हवा कमी करा. मी वाळूत हवा कमी करून गाड्या चालवलेल्या आहेत, पण दगडावर कमी करायची हे मला नवीन. मी म्हणलं, दगडानं टायर कापला तर. तो म्हणाला, मऊ टायर दगडाला धरतो, कडक टायर घसरतो, तुम्ही बघा तरी. काढली हवा.

मग त्यानं दुसरा नियम सांगितला. एकट्या माणसाची गाडी वर सोडत नाहीत. डाव्या सीटवर एक माणूस पाहिजेच, कारण अडचण आली की त्यानं उतरून रस्ता दाखवायचा असतो. मी म्हणलं माझ्या डाव्या सीटवर कुणी बसत नाही. तो म्हणाला, मग अंकल, गाडी खाली ठेवा, माझ्या गाडीत या. मी म्हणलं दुसऱ्याच्या गाडीतून मी जाणार नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी तिथनं परत फिरायच्या बेतात होतो, खरंच. किल्ली फिरवली होती.

तेवढ्यात ती अमरावतीची मुलगी येऊन जीपजवळ उभी राहिली. आत बसली नाही. म्हणाली, "काका, काकू इथंच बसायची ना. तिला विचारा, मी बसू का."

असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी किल्ली उलटी फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणलं बस.

ती उंच आहे. पाटावर पाय ठेवले की गुडघे हनुवटीला लागत होते. विचारलं की हे लाकूड काढता येते का. मी म्हणलं नाही. मग ती तशीच, पोटाशी पाय घेऊन, टोपलीतल्या कोंबडीसारखी बसून वर आली. मी तसं म्हणलं तर म्हणाली, हसून घ्या, खाली उतरून माझे गुडघे तुम्हीच चेपून द्यायचे.

ओढा गेला, सुट्या दगडांचा चढ गेला. त्या अरुंद वाटेवर माझं लक्ष आपोआप डावीकडं जात होतं. पदर दिसायच्या जागी हेल्मेटचा पट्टा. पायरीपाशी म्होरक्या आधीच वर चढून उभा होता, दोन बोटांनी मला खाच दाखवत. मी त्याच्या बोटांकडं बघितलं आणि गाडी सोडली. एका दमात वर गेली. धक्कासुद्धा नीट बसला नाही. मागची पोरं टाळ्या वाजवत होती.

मला वाईट वाटलं. ती पायरी तेव्हाच जिंकायला पाहिजे होती. इतके दिवस मी मनात धरून चाललो होतो की ते अवघड होतं, कुणालाच जमलं नसतं. थोडी हवा काढायची होती, बास. पण वर गेलो असतो तरी तिचं दुखणं तिच्याबरोबर वर आलं असतं, हेही खरं. मी गाडी थांबवली नाही. त्या खडकाकडं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

वर सपाट जागा आहे. तिथं एक लोखंडी चौकट उभी केली आहे, तिच्यात उभं राहून लोक फोटो काढतात. एका पत्र्याखाली चहा आणि नूडल्स. एका गाडीतून गाणी चालू होती. आणि कठड्यासारख्या दगडांच्या रांगेपलीकडं शहर.

मी दगडांपाशी जाऊन उभा राहिलो. शहर म्हणजे काय, सगळं मातीच्या रंगाचं, वर धुरळ्याची साय. उंच इमारती तेवढ्या ओळखू येत होत्या, त्याही कुठल्या ते सांगता येईना. दुर्गापुरा कुठल्या बाजूला ते मला अंदाजानं कळत होतं. आमच्या घराजवळच्या शेती संशोधनाच्या जागेचा हिरवा तुकडा दिसतोय असं वाटलं, मग वाटलं नाही, ते दुसरंच काहीतरी आहे. माझा एक डोळा ऑपरेशनचा, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. म्होरक्यानं दुर्बीण दिली. दुर्बिणीतून आणखीच वाईट, नुसती पाणी भरल्यासारखी घरं हलत होती. दगडावर कोपर टेकवून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मागची गाणी कुणीतरी बंद केली, ते मला नंतर जाणवलं.

मुलगी शेजारी येऊन बसली. मला म्हणाली, काका, जरा मला द्या. तिनं चष्मा काढून दुर्बीण डोळ्याला लावली. कुठल्या बाजूला ते मला विचारलं, मी हातानं दाखवलं. ती शोधत राहिली. मग थांबली.

"काका," ती म्हणाली, "दिसून राहिली."

मी म्हणलं काय.

"लाल. रेल्वे लाइनच्या अलीकडे, पाण्याची टाकी आहे पाहा, तिच्या डावीकडे. बारीकशीच आहे. पण लाल आहे."

मी दुर्बीण घेतली. मला टाकीही दिसली नाही. पण मी दिसतंय असं म्हणलं नाही आणि दिसत नाही असंही म्हणलं नाही. तिला परत विचारलं, नक्की का. ती म्हणाली नक्की. डोळ्यावरून दुर्बीण न काढता म्हणाली.

मग मी चहा घेतला. नूडल्स खाल्ल्या, सगळ्या. पोरं येऊन गाडीबद्दल विचारत होती, मी सांगत होतो, कुठल्या युनिटची, कुठं कुठं फिरली असेल. एकाला मी शिव्याही दिल्या, क्लचवर पाय ठेवून उतरत होता म्हणून. तो हसला. बऱ्याच महिन्यांत मी कुणाला शिव्या दिल्या नव्हत्या.

उतरताना सगळी वाट मी तिच्याशी बोलत होतो. तोंडानं नाही, मनात. डावीकडं मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आणि मी बायकोला सांगत होतो, दिसतं गं. तू म्हणत होतीस तेच खरं. रेल्वे लाइनच्या अलीकडं, टाकीच्या डावीकडं. बारीक दिसतं पण लाल दिसतं. आईचं लुगडं आहे ते, दिसणारच. पायरी उतरलो, अरुंद वाट उतरलो, ओढा आला तरी माझं सांगणं चालूच होतं. ती काय म्हणाली असती तेही मला ऐकू येत होतं. म्हणाली असती, आता उगाच कौतुक करू नका, आधी भांडत होता ते आठवा.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलगी स्कूटी लावून वर गेली. मी जीप आत घ्यायला मागं वळवली आणि गच्चीकडं बघितलं. कठडा रिकामा होता.

वाटलं पडली. गल्लीत बघितलं, गटारीत बघितलं. तेवढ्यात भाभी त्यांच्या दारातून आल्या, हातात घडी केलेली गोधडी. वरून झटकलेली, कोपरे जुळवलेले. म्हणाल्या, माकडं आली होती.

जयपुरात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला लागू नये. इथं गच्चीवर कपडा टाकून कुणी घर सोडत नाही. माकडांची टोळी येते, कपडे ओढते, दातानं फाडते, नेऊन दुसऱ्याच्या गच्चीवर टाकते. गच्च्यांना जाळ्या काय उगाच मारतात लोक. एवढी वर्षं इथं काढली आणि मी विटा ठेवून गेलो. कपडे वाळत घालायचं काम माझं कधी नव्हतंच.

मी भाभींना विचारलं कधी काढलीत. त्या म्हणाल्या, तुमची गाडी गल्लीच्या तोंडाला वळली आणि एक मोठं माकड विटेपाशी येऊन बसलं. मी धावत वर गेले आणि काढून आणली.

म्हणजे आम्ही आग्रा रोडलाही लागलो नव्हतो.

भाभींनी माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांना वाटलं मी रागावलो. हलक्या आवाजात म्हणाल्या, "पिछली बार तो मैं बैठी थी, भाईसाब. दिनभर. उन्होंने कहा था, काठी लेकर बैठना."

हे मला माहीत नव्हतं. गेल्या खेपेला आमच्या हिनं नुसती गोधडी बांधली नव्हती, भाभींना सांगून ठेवलं होतं. भाभी गच्चीवर ऊन खात काठी घेऊन दिवसभर बसल्या होत्या, आणि आम्ही पायरीवरून परत आलो होतो. मला दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नसेल.

मी गोधडी घेतली आणि आत गेलो. थोड्या वेळानं मुलगी डबा घेऊन खाली आली. खाटेवर गोधडी बघितली आणि दारातच थांबली. मी तिला भाभींनी काय सांगितलं ते सांगितलं. मला आडून बोलता येत नाही. विचारलं, तू काय बघितलंस.

तिनं हातातला डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "लाल काहीतरी होतं, काका. मला वाटलं तेच असेल."

"टाकी होती का?"

ती डब्याचं झाकण उघडायला लागली.

जयपुरात लाल काय कमी आहे, मी म्हणलं. असेल कुणाची चादर. तिचे डोळे भरले तेव्हा म्हणलं, रडू नकोस, भाजीत आणखी मीठ कशाला. ती हसली नाही. मीही हसवायला म्हणलं नव्हतं. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं, इतका वेळ म्हातारा दुर्बीण धरून बसलेला बघून. ती दार लोटून वर गेली, आणि वरून बराच वेळ तिच्या चालण्याचा आवाज येत नव्हता.

राग कुणाचाच आला नाही. माझी अडचण निराळी आहे. मला बघायचं होतं आणि बायकोला सांगायचं होतं. बघणं झालं नाही. कठड्यावर काही नव्हतंच तर दिसतं का नाही हे वर जाऊनही कळलं नाही. आणि सांगून मात्र मी बसलो होतो, पायरीपासून ओढ्यापर्यंत, टाकीच्या डावीकडं म्हणून, सगळ्या खुणांसकट. जिवंतपणी तिला मी पुष्कळ टाकून बोललो असेन, पण खोटं कधी सांगितलं नव्हतं. आता ते परत कसं घ्यायचं. ती समोर असती तर म्हणलं असतं, अगं, चुकलं, माकडं आली होती. ती हसून हसून लोळली असती. आता कुणाला सांगू.

पुढच्या रविवारी मुलगी जिन्यावरून उतरली तेव्हा हेल्मेट हातात होतं. म्हणाली, भाभी गच्चीवर बसायला तयार आहेत, सुतळी मी आणली आहे, चला ना काका परत. भाभी त्यांच्या दारात उभ्या होत्या, हातात काठी घेऊन. दोघींनी आधी बोलून ठरवलेलं असणार.

मी म्हणलं, तुम्ही जा.

सुतळीचा गुंडा कट्ट्यावर ठेवून ती गेली. भाभीही काठी भिंतीला टेकवून आत गेल्या.

परत जाऊन काय करायचं. मला आता भीती वाटते ती दिसण्याची नाही आणि न दिसण्याचीही नाही. गोधडी टाकली, भाभी बसल्या, मुलीनं दुर्बीण लावली आणि खरंच काही दिसलं नाही, तर ते बायकोला सांगायला लागेल. आणि दिसलं, तर ज्याच्यासाठी ते दिसायचं होतं ते माणूस डाव्या सीटवर नाही. मी सातवी शिकलेला माणूस आहे, मला ह्यातून वाट काढता येत नाही. शिकलेल्यालाही येत असेल असं वाटत नाही.

गोधडी ट्रंकेत परत ठेवली आहे. जीप अंगणात उभी आहे. टायरमध्ये अजून तीच कमी हवा आहे, भरायची राहिली. पावसाळ्यानंतर चालू केलेली नाही. बॅटरी उतरली असेल.